शेवटचा टाका घरचा

गादी शिवून होत आली की चाचा थांबायचे. कोपऱ्यात वीतभर जागा उघडी ठेवायची, दाभणात दोरा ओवायचा आणि ते दाभण समोरच्या गिऱ्हाइकापुढे धरायचं. "घ्या. शेवटचा टाका घरचा."

गिऱ्हाईक गांगरून जाई. गादी न्यायला टेम्पो घेऊन आलेल्या माणसाला शिवायला कोण बसवतं? कुणी म्हणायचं, "चाचा, मला न्हाई येत." चाचा म्हणायचे, "मला तरी कुठं येत हुतं? घाला." लग्नाची गादी असली तर नवरीच्या बापाला, पाळण्यातली असली तर बाळाच्या मामाला. एकदा त्यांनी गावच्या सरपंचांनासुद्धा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उकिडवं बसवलं होतं. टाका सरळ पडो की वाकडा, चाचा त्यावरून हात फिरवायचे आणि मगच म्हणायचे, "झाली गादी."

तुम्ही म्हणाल, धंद्याची युक्ती. मीही तेच म्हणाले होते. ज्यानं स्वतः टाका घातला तो गादीची तक्रार घेऊन येत नाही, हे त्यांनीच मला एकदा हसत हसत सांगितलं होतं. पण माणसाची सगळी गंमत एका वाक्यात सापडली असती तर मी हे लिहायला बसले नसते.

आमची ओळख भांडणातून झाली. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या बाजाराच्या गावात हायस्कूलच्या कुंपणाला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. पुढे टांगलेल्या दोन उशा, मागे कापसाचा ढीग आणि मध्ये पिंजायचं मशीन. मशीन सुरू झालं की माझ्या नववीच्या वर्गात बीजगणित ऐकू येणं बंद. शिवाय खिडकीतून कापसाचे तंतू येऊन मुलांच्या केसांवर बसायचे, अख्खा वर्ग म्हातारा दिसायला लागायचा. मी नगर शहरातून नवीनच आले होते आणि नव्या शिक्षकाला शोभेल एवढा ताठा माझ्याकडे होता. एक दिवस तास अर्धा सोडून मी दुकानात गेले आणि चांगली पाच मिनिटं बोलले.

चाचांनी मशीन बंद केलं. डोक्याचं फडकं सोडून झटकलं. "मॅडम, तुमचा तास कवा असतो?"

"रोज तिसरा आणि सहावा."

"लिहून द्या."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. रागारागानं दिलं लिहून. दुसऱ्या दिवशी पाहते तो ते वेळापत्रक दुकानाच्या खांबाला खळीनं चिकटवलेलं. त्यानंतर इतक्या वर्षांत माझ्या तासाला ते मशीन एकदाही लागलं नाही. बाकीचे शिक्षक मात्र माझ्या नावानं बोटं मोडायचे, कारण गावाचा सगळा कापूस आता त्यांच्या तासांना पिंजला जाई.

दुपारी मशीन बंद असलं की चाचा कुंपणाच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून मैदानाकडे बघत उभे राहायचे. त्यांचं स्वतःचं कुणी शाळेत नव्हतं. एकच मुलगी, ती लग्न होऊन राहुरीला गेलेली. तरी कुठला मुलगा लंगडतोय, कुठली मुलगी आज खेळायला आली नाही, हे खेळाच्या सरांआधी त्यांना कळायचं.

आमच्या शाळेत पालक सभेचं काम माझ्या गळ्यात पडलेलं होतं. मी नोटिसा काढायची, खुर्च्या मांडायची, फळ्यावर रंगीत खडूनं 'सुस्वागतम्' लिहायची. एका वर्षी अकरा पालक आले. त्यांतले चार शिक्षकांचे नातेवाईक होते आणि एक जण चुकून आला होता, त्याला दाखला हवा होता. मी रिकाम्या खुर्च्या मोजत उभी होते तेव्हा भिंतीवरून आवाज आला.

"मॅडम, सभेत तुमी काय करता?"

"मुलांच्या प्रगतीबद्दल सांगतो. घरच्यांनी लक्ष द्यायला हवं, हे समजावतो."

"म्हंजी तुमी बोलता, ते ऐकत्यात."

"हो."

"मंग कशाला येतील? ऐकाया त्यांला समदं गाव हाय. मुकादम हाय, सोसायटी हाय, सासू हाय." चाचांनी मान हलवली. "कामाला बोलवा. कामाला बोलावलं की मानूस येतो. नुसतं बसाया बोलावलं की त्याला वाटतं, आपली पोरगी नापास झाली."

मी हसण्यावारी नेलं. बीएड करून आलेल्या बाईला गादीवाल्यानं पालक सभा शिकवावी, हे काही माझ्या पचनी पडलं नाही.

त्याच पावसाळ्यात खेळाच्या सरांनी मुलींना उंच उडी शिकवायला घेतली. कात्रीसारखे पाय टाकायची जुनी उडी नव्हे, पाठीवर पडायची नवी. पण पडायचं कशावर? आमच्याकडे वाळूचा खड्डा होता, आणि त्यातली वाळू अशी बसलेली की पाठीवर पडलेली मुलगी दोन दिवस बाकावर सरळ बसू शकत नसे. सरांनी गादीसाठी अर्ज केला. अर्ज कुठल्या तरी टेबलावर पोचला आणि तिथंच सुखानं नांदू लागला.

हे सगळं भिंतीवरून बघून झाल्यावर चाचा एकदा सरांना म्हणाले, "गादी पायजे व्हय? मंग गादीवाल्याला न्हाई इचारायचं?"

अट त्यांची एकच. प्रत्येक मुलीनं घरातला जुना कापूस आणायचा, फाटकी उशी चालेल, दबलेली गादी चालेल. आणि ज्या घरचा कापूस त्या घरचं माणूस रविवारी मैदानावर शिवायला आलं पाहिजे. "मेहनत माझी. टाका त्यांचा."

मी सरांना पैजेवर सांगितलं होतं की कुणी फिरकणार नाही. त्या रविवारी सात मुलींच्या घरून नऊ बाया आल्या, तीन बाप्ये आले आणि एक आजोबा काठी टेकत आले. निंबाखाली चाचांनी गादी पसरली होती. सगळे भोवती बसले आणि दाभणं चालू झाली. एक बाई म्हणाली, "बारा वरीस झाली या फाटकापुढनं जाती-येती. आत आज आले."

हातात काम असलं की माणसं किती बोलतात, हे तुम्हीही कुठे तरी पाहिलं असेल. शेंगा फोडताना, गहू निवडताना. त्या दोन तासांत मला माझ्या विद्यार्थिनींबद्दल जे कळलं ते तीन वर्षांच्या प्रगतिपुस्तकांत नव्हतं. रूपालीच्या आईशेजारी मी बसले होते. रूपाली दहावीत होती. उडीत सगळ्यांत पुढे आणि गणितात सगळ्यांत मागे. वर्गात तोंड उघडत नसे. आठवीत आणि नववीत मी तिच्या पुस्तकात लाल शाईनं लिहिलं होतं, 'अनियमित. पालकांनी लक्ष द्यावे.'

"दसरा झाला की आमी तोडीला जातो, कोपरगावच्या अंगाला," तिची आई टाका ओढत म्हणाली. "तीबी येती. आमी दोगं उसात असल्यावर धाकट्याला कोन बगनार? तीन वर्साचा हाय. भाकरीबी तीच करती. पाडव्याला येतो माघारी."

पाच महिने भाकरी थापून आणि भाऊ सांभाळून आलेल्या मुलीला मी अनियमित म्हटलं होतं. मला खरोखर लाज वाटली.

गादी पुरी होत आली तेव्हा चाचांनी दाभण माझ्यापुढे धरलं. "मॅडम, तुमचा टाका बाकी हाय."

"मी शिक्षक आहे, चाचा. पालक नाही."

"बरं. राहू द्या बाकी." असं म्हणून त्यांनी दाभण त्या आजोबांकडे दिलं.

आता त्या गादीबद्दल सांगायला हवं. चाचांना साधी गादी येतच नव्हती. आयुष्यभर लग्नाच्या गाद्या शिवलेला माणूस! त्यांनी खेळाच्या गादीलाही लाल अस्तर घातलं, काठाला पिवळा गोट लावला आणि चार कोपऱ्यांना चार गोंडे सोडले. खाली उसाच्या पाचटाची पोती रचून वर ती मांडली तेव्हा मैदानावर कुणाचं तरी लगीन आहे असं वाटत होतं. रूपाली धावत उडी मारायला निघाली तोच तिची आई ओरडली, "अगं ए! एवढ्या चांगल्या गादीवर मातीचं पाय?"

झालं. सगळ्या बायांनी एकमुखानं ठरवलं की गादीवर जायचं तर पाय धुऊन. खेळाचे सर डोकं धरून बसले. "अहो, पाय लागतच नाहीत गादीला! पाठ लागते!"

"मंग पाठबी पुसून घ्या," चाचा म्हणाले.

तेव्हापासून रिवाजच पडला. नळावर जायचं, पाय धुवायचे, पोत्यावर पुसायचे आणि मग अनवाणी धावत येऊन उडी. प्रत्येक उडीला. सरांनी महिनाभर आरडाओरडा केला, मग तेही थकले.

खेळानं अभ्यास बुडतो, अशी माझी तोवर पक्की समजूत होती. एका दुपारी रूपाली स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती आपणहून माझ्याशी बोलत होती. "मॅडम, आत्ता एकशे सव्वीस जाती. एकशे चाळीसला जायाचं तर दर आठवड्याला किती वाढवायचं?"

मी म्हटलं, "आठवडे किती आहेत?"

तिनं बोटं मोजली. "सात." मग मी फळ्यावर समीकरण मांडलं, तिनं ते सोडवलं, आणि उत्तर दोन सेंटिमीटर आलं तेव्हा ती अशी हसली की जणू उडीची आडवी काठी तिनं तिथंच ओलांडली. त्यानंतर ती रोज येऊ लागली. आधी काठीची गणितं, मग पुस्तकातली. जिला आपण काही तरी करू शकतो हे मैदानावर कळलं होतं, तिला फळ्यापुढे उभं राहायची भीती उरली नाही. मी स्वतः हे बघितलं, म्हणून छातीवर हात ठेवून सांगते.

तालुक्याच्या मैदानावर नळ जवळच होता, तिथं ती पहिली आली. जिल्ह्याची स्पर्धा नगरला, एका रविवारी होती. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, मंगळवारी, मुकादमाचा ट्रॅक्टर गावात येणार होता. स्पर्धेला जाऊ द्यायला घरचे तयार होते, पण मंगळवारी ती आईबापांबरोबर तोडीला जाणार हे ठरलेलं होतं. म्हणजे दहावीचं वर्ष गेलं. आणि आमच्याकडे दहावीचं वर्ष गेलेली मुलगी पुढच्या वर्षी शाळेत दिसत नाही, मांडवात दिसते.

मी तिच्या घरी गेले. वडील पोत्यात भांडी भरत होते. मी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं, मुलीच्या भविष्याबद्दल सांगितलं, खूप सांगितलं. ते प्रत्येक वाक्याला "व्हय मॅडम, बराबर हाय मॅडम" म्हणत होते आणि पोत्यात तवा, परात, पातेलं जात होतं. शेवटी पोत्याचं तोंड बांधलं गेलं तेव्हा मी उठले.

परत येताना दुकानापाशी थांबले आणि चाचांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पुन्ना सभाच घेतली की तुमी."

मग संध्याकाळी ते स्वतः गेले. मुलीला ठेवा, असं त्यांनी चुकूनही म्हटलं नाही, हे मला रूपालीच्या आईकडून नंतर कळलं. ते नुसतं म्हणाले, "नगरला पोरींच्या पान्याचा कॅन उचलाया मानूस पायजे. सर एकले हायेत. माझी कंबर धरती. येशील का रं?"

काम होतं. बाप आला.

रविवारी जीपमधून आम्ही निघालो. सात मुली, सर, मी, रूपालीचे वडील मांडीवर कॅन घेऊन, आणि दुकान बंद करून आलेले चाचा. मैदानावर पोचल्यावर नंबर यायला वेळ होता. मी आणि चाचा पायरीवर बसलो होतो. मी विचारलं, "चाचा, तुम्हाला हे सगळं कशाला हवं असतं?"

ते धावपट्टीकडे बघत म्हणाले, "चौथीत हुतो. शाळेची शर्यत लागली. पहिला आलो मी. समदी पोरं आपापल्या आयबापाकडं पळाली. मला कळंना, पळून कुनाकडं जायचं. मंग मी थांबलोच न्हाई. तसाच पळत सुटलो, गावातनं, बाजारातनं, थेट घरी."

"मग?"

"अब्बा पिंजलेला कापूस गादीच्या खोळीत भरत हुते. त्यांनी बगितलं बी न्हाई. म्हनले, आलास? धर हे टोक." चाचा हसले. "धरलं. तवापासनं धरलेलंच हाय."

तेवढ्यात रूपालीचं नाव पुकारलं.

तिथली गादी निळी, फोमची, आमच्या स्टाफरूमएवढी. काठी एकशे अडतीसवर होती. खालच्या उंच्या रूपालीनं कशाबशा ओलांडल्या, पण इथं दोन उड्या चुकल्या होत्या, ही तिसरी आणि शेवटची. का चुकल्या ते आता माझ्या लक्षात आलं. रूपाली खुणेपाशी उभी राहून काठीकडे बघतच नव्हती. ती इकडे तिकडे नळ शोधत होती. आधीच्या दोन्ही वेळा ती मातीच्या पायांनी, चोरासारखी, अर्ध्या मनानं धावली होती. पंचांनी घड्याळ सुरू केलं. उडीला एक मिनिट असतं. सर ओरडत होते, "पळ! अगं पळ!" पण तिचे पाय उचलेनात. आम्हीच लावलेली सवय आमच्याच मुलीला नडत होती, आणि ही उडी चुकली की मंगळवारचा ट्रॅक्टर ठरलेलाच होता.

दोरीपलीकडून तिचे वडील कॅन घेऊन धावले. कुणी तरी "अहो, अहो" करत आडवं गेलं, त्यांना दिसलंच नाही. ते तिच्यापुढे उकिडवे बसले, एका पायावर पाणी ओतलं, दुसऱ्यावर ओतलं, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तिचे पाय पुसले. टाचा, तळवे, बोटांच्या बेचक्यासुद्धा. सगळं मैदान बघत होतं. पंच हातातलं घड्याळ विसरून बघत होते. पुसून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "जा."

ती धावली. पाठ कमानीसारखी वळली आणि काठी हललीसुद्धा नाही.

गादीवरून उतरून ती थेट दोरीकडे पळाली. पळून कुणाकडे जायचं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. माझ्या शेजारी चाचा डोक्याच्या फडक्यानं डोळे पुसत होते. "कापूस गेला डोळ्यात," म्हणाले. नगरच्या मैदानावर औषधाला कापूस नव्हता. पण माझ्याही डोळ्यांत तोच कापूस गेला होता.

पुढच्या उंचीला ती चुकली आणि तिसरी आली. विभागाला दोघीच जाणार होत्या, म्हणजे स्पर्धा तिथंच संपली. परतताना जीपमध्ये, शेवगाव जवळ आलं तेव्हा तिच्या वडिलांनी एकदम विचारलं, "मॅडम, परीक्षा कवा असती?"

"मार्चमध्ये."

त्यांनी कॅन एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. "मंग ही हितंच ऱ्हाईल, चुलतीपशी. धाकट्याला आमी नेतो, हुईल कायतरी."

मंगळवारी ट्रॅक्टर शाळेपुढे दोन मिनिटं थांबला. रूपालीचे वडील उतरले, माझा मोबाईल नंबर घेतला आणि म्हणाले, "माझ्या जोगतं काय काम असलं तर सांगा." मी आता शहाणी झाले होते. काम दिलं. दर रविवारी उसाच्या फडातून त्यांचा फोन यायचा आणि मी सांगायची, आज तिला अमक्या धड्याची दहा गणितं झाली का, एवढं विचारा. ते विचारायचे. गणितातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण बाप विचारणार म्हणून ती दहाची बारा करून ठेवायची. मार्चच्या परीक्षेत तिला गणितात एकसष्ट मार्क पडले. पेढे घेऊन ती आधी माझ्याकडे आली नाही, भिंतीकडे गेली. मला राग आला नाही.

त्यानंतर आमच्या शाळेत पालक सभेला खुर्च्या मांडल्या गेल्या नाहीत. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी, माणसं तोडीला जायच्या आत, गादी उसवायची, कापूस पुन्हा पिंजायचा आणि सगळ्यांनी मिळून शिवायची. मुलामुलींबद्दल जे बोलायचं ते तिथंच. पुढे लेझीमच्या चकत्या ओवायला, नाटकाचे पडदे शिवायला, विज्ञानाच्या मांडणीला खिळे ठोकायलाही माणसं येऊ लागली. पुढच्या काही वर्षांत आणखी मुली मागे राहिल्या, शिकल्या. सगळ्या राहिल्या असं म्हणणार नाही. पण ज्यांच्या घरचा टाका होता, त्यांच्यासाठी निदान दारात कुणी तरी भांडायला उभं राहायचं, आणि बहुतेक वेळा ती आईच असायची.

आणि दर वर्षी चाचा दाभण माझ्यापुढे धरायचे. "मॅडम, तुमचा टाका बाकी हाय." माझी कारणं तयार असत. पेपर तपासायचेत, चष्मा विसरलाय, साडी नवी आहे. खरं कारण मी कधी सांगितलं नाही. माझा मुलगा नगरला शिकला आणि त्याच्या शाळेत मी एकदाही गेले नाही. त्याच्या सभेच्या वेळी मी इथं सभा घेत असायची. दुसऱ्यांच्या आयाबापांना बोलावणाऱ्या बाईनं कोणत्या तोंडानं टाका घालायचा? चाचांना हे कळलं असावं. त्यांनी कधी आग्रह केला नाही, नुसतं म्हणायचे, "बरं. राहू द्या बाकी."

गेल्या वर्षी, दसऱ्याच्या थोडं आधी, चाचा गेले. दोन दिवस ताप आला आणि गेले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला खिडकीबाहेर नेहमीसारखीच शांतता होती, पण चौथा लागला तरी मशीन वाजलं नाही.

आठवड्यानं त्यांची मुलगी दुकान आवरत होती. तिनं भिंतीवरून मला हाक मारली. आत एक नवी गादी होती, लाल अस्तराची, पिवळ्या गोटाची, चार गोंड्यांची. सगळी शिवून झालेली, फक्त एका कोपऱ्यात वीतभर जागा उघडी आणि दाभण तसंच टोचलेलं.

"म्या इचारलं हुतं, अब्बा, ही कुनाची," ती म्हणाली. "म्हनले, शाळंची. मॅडमचा टाका बाकी हाय."

रविवारी गादी निंबाखाली आणली. रूपाली आली होती. ती आता कर्जतकडे एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, आणि तिच्या शाळेतल्या मुलीही उडीआधी पाय धुतात. का, ते त्यांना माहीत नाही. तिची आईही आली होती. मी गादीपाशी बसले, चष्मा होता, साडी जुनी होती. पहिल्यांदा दाभण उलटं घातलं. रूपालीच्या आईनं माझा हात धरला, "असं न्हाई मॅडम. खालनं वर घ्या." मी खालून वर घेतलं. टाका वाकडा पडला. दोरा ओढला, गाठ मारली आणि गादी पुरी झाली.

मी मान वर केली आणि सवयीनं भिंतीकडे बघितलं. भिंतीवर कोपरं नव्हती. टाका तर घातला, पण आता तो दाखवायचा कुणाला, हे मला कळेना. मी तशीच बसून राहिले, हातात रिकामं दाभण घेऊन.

नळापाशी मुली पाय धुऊन खोळंबल्या होत्या. तिघी जणी येऊन गादी उचलायला लागल्या, एक कोपरा लोंबत राहिला. त्यांतली एक, पाचवीतली असेल, मला ओळखतही नसेल धड, तिथूनच ओरडली, "ओ मॅडम, बसलाय काय? धरा की हे टोक!"

मी उठले आणि टोक धरलं.